कर भरलेला जुगार



महाराष्ट्रात कॅसिनोचा एक कायदा सत्तेचाळीस वर्षे कागदावर पडून होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) अधिनियम हा १९७६ सालचा. परवाना द्यायचा, नियम घालायचे, कर वसूल करायचा, अशी त्याची रचना. तो अंमलात कधी आलाच नाही. अखेर २०२३ साली सरकारने तो रद्द केला. गोवा, दमण व दीवचा जुगारबंदीचा कायदाही १९७६ चाच. पण तिथे उलटे घडले. १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे बसवायला मुभा मिळाली, १९९६ साली जहाजांवरच्या खेळांनाही. आज पणजीला मांडवीच्या पात्रात ती जहाजे दिव्यांनी लखलखत उभी असतात.

तुम्ही म्हणाल, वावरच्या, जव्हार-मोखाड्याच्या माणसाला याचे काय? पणजी कुठे आणि आपला डोंगर कुठे! पण आपलीच शिकलेली मुले आता विचारतात, “पंचशीलात जुगाराचे नाव नाही. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू आहे, जुगार नाही. शिवाय सरकार त्यावर कर घेते. मग त्यात वाईट काय?” हा प्रश्न टाळून चालणार नाही.

आधी कराचे पाहू. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत पैज व जुगार हा विषय राज्यांकडे आहे, त्यावरचा करही २०१६ पर्यंत राज्यांकडे दिलेला होता. म्हणजे राज्य बंदी घालू शकते, परवानाही देऊ शकते. पण जुगार हा व्यापार मानून त्याला मूलभूत हक्काचे संरक्षण मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच ठरवले. तो खटला मुंबई राज्याचाच होता, शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर चाळीस टक्के वस्तू व सेवा कर आहे. सरकार कर घेते म्हणून धंदा सम्यक् आजीविका होत असेल, तर दारूचा गुत्ताही होईल!

आणि हा कर येतो कोणाच्या खिशातून? मी शाळामास्तर, म्हणून गणित मांडतो. कॅसिनोतल्या चाकावर शून्यासह सदतीस घरे असतात. प्रत्येक घरावर एक रुपया लावा : सदतीस रुपये गेले. जिंकलेल्या घराचे परत मिळतात छत्तीस. एक रुपया मालकाकडे राहिला, आणि चाक रात्रभर फिरते. आपला मटका त्याहून लुटारू. दहा आकडे, आणि एका रुपयाला देतात नऊ. नशिबाचा प्रश्न इथे येतोच कुठे? ही वजाबाकी आहे.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. जुगार ओढूनताणून पंचशीलात बसवायची मला गरज वाटत नाही. गृहस्थाने कसे जगावे हे तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला स्वतंत्रपणे समजावले आणि त्यात जुगाराचे सहा तोटे मोजून दाखवले. जिंकणाऱ्याच्या वाट्याला वैर येते. हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो. हातचे जाते. सभेत त्याचा शब्द कोणी मानत नाही. मित्र त्याला तुच्छ लेखतात. आणि त्याला मुलगी देत नाहीत.

यातल्या चौथ्यापाशी थांबा. सभेत शब्द! ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या सभेत बसायला जागा नव्हती, बोलायचे झाले तर दूर उभे राहून बोलावे लागे, त्यांना या शब्दाची किंमत दुसऱ्याने का सांगावी? धम्मदीक्षेने आपल्याला तो शब्द मिळाला. ग्रामसभेत आपला माणूस उठून रोजगार हमीच्या मजुरीचा हिशेब मागतो, तेव्हा समोरचा हळूच म्हणतो, “अरे, हा तर कालच तीन पत्तीत हरला.” सगळे हसतात आणि हिशेब तसाच राहतो.

दीघजाणू नावाच्या गृहस्थालाही तथागतांनी तळ्याची उपमा दिली होती. पाणी यायच्या वाटा बुजल्या, जायच्या उघड्या राहिल्या, की तळे आटते; अशा जायच्या चार वाटांपैकी एक जुगार. आपल्याला ही उपमा समजवावी लागत नाही. पावसाळ्यात धो धो कोसळते आणि उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन दऱ्या उतरतात. घरातला पैसाही तसाच. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्याआधी शेठकडून उचल घेतात. ती उचल पत्त्यांवर लावणारा आपली कमाई लावत नसतो. पुढच्या चार-सहा महिन्यांचे बायको-पोरांचे राबणे लावत असतो. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली. त्याचे खापर मी जुगारावर फोडणार नाही. ते दारिद्र्याचे आणि सरकारी अनास्थेचे होते. पण जिथे पायलीभर नाचणीवर मुलाचे जगणे ठरते, तिथे पन्नास रुपयेसुद्धा लहान नसतात.

मोबाईलवर पैसे लावून खेळायच्या खेळांना २०२५ साली केंद्राच्या कायद्याने मनाई झाली. बरे झाले. तरी जत्रेतली चक्री आणि भट्टीवरचे पत्ते आहेतच, तिथे दिल्लीचा कायदा रोज येऊन उभा राहत नाही.

म्हणून माता-भगिनींना एक विनंती. यंदा उचल आली की ती घरात, सगळ्यांसमोर मोजून घ्या. पावसाळ्याच्या धान्याचे पैसे आधी बाजूला काढा. आणि सोयरीक बघायला जाल तेव्हा मुलगा कितवीपर्यंत शिकला एवढेच विचारून उठू नका. उचल आणून तो कोणाच्या हातात देतो, तेही विचारा.