सरावाने आलेला शिष्टाचार : दांभिकता की सदाचार?

चार माणसांच्या बोलण्यात आपला शब्द कोठे मिसळावा, समोरच्याच्या चेहऱ्याकडे किती वेळ पाहावे, निरोप केव्हा घ्यावा, या गोष्टी आपल्यापैकी बहुतेकांना कोणी मुद्दाम शिकविलेल्या नसतात. घरात वावरताना त्या आपोआप अंगवळणी पडतात. परंतु काही माणसांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. ऑटिझम असलेल्या अनेक व्यक्तींना हेच नियम परकी भाषा शिकावी तसे एकेक करून शिकावे लागतात. त्यांपैकी कोणी उच्चशिक्षित असतो, नोकरीत चोख असतो. पण वलीम्याच्या गर्दीत किंवा ईदच्या गळाभेटींत तो गोंधळून जातो. मराठीत रूढ झालेला ‘स्वमग्नता’ हा शब्द तर त्याच्याविषयी आधीच निवाडा देऊन मोकळा होतो. जणू हा माणूस स्वतःतच रमला आहे, इतरांशी त्याला कर्तव्य नाही! वस्तुस्थिती पुष्कळदा उलट असते. आपुलकी असते, ती पोहोचविण्याची वाट सापडत नाही.

अशा प्रौढांसाठी आता पद्धतशीर सराववर्ग चालतात. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉगेसन यांनी विकसित केलेला ‘पीअर्स’ हा त्यांपैकी एक प्रसिद्ध कार्यक्रम होय. त्याचा तरुण प्रौढांसाठीचा पाठ्यक्रम 16 आठवड्यांचा आहे. संभाषणात कसे शिरावे, त्यातून कसे बाहेर पडावे, थट्टेला कसे तोंड द्यावे, हे लहान लहान पायऱ्यांनी दाखविले जाते आणि मग करून घेतले जाते. शिकणाऱ्यासोबत आई-वडील, भावंड अथवा अन्य निकटची व्यक्तीही त्यात सहभागी होते.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. शिकविले म्हणून जो ख्यालीखुशाली विचारतो, त्याच्या विचारण्यात जिव्हाळा आहे की अभिनय? घरचेच कधी म्हणतात, “हा मनापासून बोलत नाही, पाठ केलेले बोलतो.” त्याहून वाईट म्हणजे त्या तरुणालाच शंका छळते, की आपण ढोंग तर करीत नाही ना? कृतीचे मोल नियतीवर अवलंबून आहे असे मानणाऱ्या श्रद्धावंताला ही शंका साधी नाही.

निफाक म्हणजे काय, ते आधी पाहावे. मनात एक आणि बाहेर दुसरे दाखवून लोकांना फसविणे म्हणजे निफाक. सराव करणारा तरुण मनात आहे तेच बाहेर पोहोचविण्यासाठी धडपडत असतो. दोघांची दिशाच परस्परविरुद्ध आहे. इमाम गजाली (मृत्यू 1111) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये सुलेखनाचा दाखला दिला आहे. सुंदर हस्ताक्षर कमावू पाहणारा प्रारंभी प्रयत्नपूर्वक अनुकरण करतो आणि पुढे तेच त्याचा स्वभाव होऊन जाते. सद्गुणांचेही तसेच आहे, असे ते सांगतात. आपल्या मुलांना आपण नमाज सरावानेच शिकवितो. त्यांच्या पहिल्या सजद्याला कोणी नाटक म्हणत नाही. कुरआन अडखळत, कष्टाने वाचणाऱ्याला दुहेरी मोबदला आहे, अशी हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ती पठणाविषयी आहे हे खरे. परंतु ज्याला एक सलाम करण्यासाठीही धैर्य गोळा करावे लागते, त्याचे कष्ट अल्लाहच्या दृष्टीआड राहतील असे कसे मानावे?

मात्र सराव कशाचा, हा प्रश्न उरतोच. सलाम करणे, परवानगी घेऊन घरात जाणे, दुसऱ्याचे ऐकून घेणे, जिभेने न दुखविणे, हे आदाब सर्वांसाठी आहेत. वेगळेपणामुळे चूक कशी घडली ते कळते. दुखावलेल्याचा हक्क मात्र बुडत नाही. पण नजरेला नजर भिडवणे, हात स्थिर ठेवणे, गळाभेट घेणे, या आपल्या रीती आहेत, फर्ज नव्हेत. सूरह लुकमानमध्ये लोकांपासून तोंड फिरविण्याची जी मनाई आहे, ती गर्वाविषयी आहे. नजर सोसवत नाही म्हणून जो खाली पाहतो, त्याला गर्विष्ठ ठरविणे हा बदगुमानीचा दोष आपल्याच पदरी येतो. दिवसभर इतरांसारखे दिसण्याचा आटापिटा माणसाला आतून थकवितो, हे असे आयुष्य जगणाऱ्या प्रौढांनीच संशोधकांना सांगितले आहे. अल्लाह कोणावरही त्याच्या ताकदीबाहेर ओझे टाकत नाही. मग आपण का टाकावे?

सरावाला ढोंगाचे रूप येते ते लपविण्याच्या वेळी, आणि बहुधा ते वडीलधाऱ्यांच्या हातून येते. स्थळ पाहायला पाहुणे येणार म्हणून मुलाकडून वा मुलीकडून चार वाक्ये घोटून घेतली जातात आणि निदान दडविले जाते. बाजारात धान्याच्या राशीत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे विचारून फसवणूक करणारा आपल्यापैकी नाही, असे त्यांनी बजावले. ऑटिझम हा काही दोष लागलेला माल नव्हे. पण दुसऱ्या पक्षाचा जाणण्याचा हक्क तोच आहे. प्रामाणिकपणे सांगितल्याने एखादे स्थळ हातचे जाईल. लपविल्याने दोन आयुष्ये पणाला लागतात.

आणखी एक गोष्ट. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी 2012 साली मांडले, की हा गैरसमज दुहेरी असतो. त्यांना आपण उमगत नाही, तसे आपल्यालाही ते उमगत नाहीत. मग सराव एकट्यानेच का करावा? सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (रजि.) सांगतात, की बुद्धीने काहीशी वेगळी असलेली एक स्त्री प्रेषितांकडे (स.) आली आणि आपले काही काम आहे म्हणाली. तिला हवी ती गल्ली निवडण्यास त्यांनी सांगितले आणि तिचे बोलणे पुरे होईपर्यंत ते तिच्यासोबत थांबले. जागा तिने ठरविली, वेळही तिच्या गरजेचा होता. मदीनेच्या प्रमुखाने स्वतःला तिच्या सोयीनुसार वळविले.

या सुन्नतीचे अनुसरण आपल्या घरीही करता येते. दावतीला कोण येणार, किती वेळ चालणार, हे आधी स्पष्ट सांगावे. आडून सुचविण्याऐवजी सरळ बोलावे. मिठी मारण्यापूर्वी विचारावे. गोंगाटातून उठून बसण्यास एक शांत खोली मोकळी ठेवावी. त्याच्या बोलण्याची नक्कल होऊ लागली तर वडीलधाऱ्यांनी तेथेच थांबवावी. हेही आपल्याला सरावानेच जमेल, आणि आपल्या या सरावाला कोणी ढोंग म्हणणार नाही.

अल्लाह आपल्या नियतीत प्रामाणिकपणा आणि वागण्यात नरमाई देवो. आमीन.