घडीचं घर

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला जगात कुणीही काहीही विचारू शकतं. लग्नाच्या पंगतीत शेजारचा गृहस्थ जिलबी मोडता मोडता ठेवींवरचा व्याजदर विचारतो. एकाने तर मला स्मशानात नॉमिनेशनचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारलं होतं, आणि प्रसंग पाहता तो प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. तेव्हा ऐन मार्चअखेरीस, रात्री दहाला मी घरी येऊन आमटीत पहिला घास बुडवतोय तोच अमेरिकेहून धाकट्या भावाचा फोन आला आणि त्याने विचारलं, ‘दादा, पॉप-अप घेऊ की हायब्रिड?’ तेव्हा मी मुळीच दचकलो नाही.

‘टोस्टर ना? पॉप-अपच घे,’ मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, ‘हायब्रिड नको म्हणावं. भाकरीला चव नसते.’

आमच्या मातोश्रींचं ज्ञान हायब्रिड ज्वारीपाशी थांबलेलं आणि माझं टोस्टरपाशी. भावाला पाहिजे होतं घर. म्हणजे राहतं घर त्याला आहे. मिशिगनमध्ये आहे, आणि त्यावरचं कर्ज फेडायला अजून एकोणीस वर्षं आहेत. त्याला पाहिजे होतं मोटारीच्या मागे बांधून ओढत न्यायचं घर. उन्हाळ्यात तिकडची माणसं आपलं भलं प्रशस्त घर बंद करतात आणि एका खोलीत दाटीवाटीने राहायला जंगलात जातात. आम्ही चेंबूरमध्ये ज्या अवस्थेत पंचवीस वर्षं काढली, तिला तिकडे सुट्टी म्हणतात.

आता या दोन वस्तूंमधला फरक. भावाने मला तो तीन रात्री समजावला, वाचकांना मी एका परिच्छेदात सांगतो. पॉप-अप म्हणजे चाकांवरची एक बुटकी पेटी. मुक्कामाला पोचलं की हँडल फिरवायचं, छप्पर वर जातं, दोन्ही अंगांनी दोन बिछाने टेबलाच्या खणासारखे बाहेर येतात आणि मधल्या भिंती कापडाच्या. निघताना सगळं उलट. हायब्रिडला मधल्या खोलीच्या भिंती पक्क्या असतात, बहुधा संडास-बाथरूमही असतं, पण झोपायचे बिछाने मात्र बाहेर काढायचे आणि त्यांच्याभोवती कापडच. पॉप-अप भरते हजार किलोच्या आतबाहेर, हायब्रिड दोन हजारांच्या घरात. भावाच्या गाडीची ओढायची ताकद साडेतीन हजार पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो.

इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. शिवाय भाऊ म्हणाला की मागच्या ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या गाडीच्या हुकावर यावा लागतो, नाहीतर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा वळवळायला लागतो. मी म्हटलं, याला आमच्याकडे मार्जिन मनी म्हणतात. कर्जदाराने स्वतःच्या खांद्यावर थोडं ओझं घेतलं नाही तर कर्जही असंच वळवळतं. या हिशेबाने हायब्रिड घ्यायची तर आधी गाडी बदलायला हवी, म्हणजे दोन कर्जं. शिवाय तिकडेही सोसायट्या असतात आणि त्यांनाही सेक्रेटरी असतात. घरासमोर असलं धूड उभं करायला भावाच्या सोसायटीची बंदी आहे. पॉप-अप मिटली की गॅरेजमध्ये मावते. मी निर्णय देऊन टाकला, पॉप-अप. अर्ज मंजूर, पुढचा माणूस.

(आपल्याकडेही महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलेलं आहे. मी ते घरात उत्साहाने सांगितलं. आमची ही म्हणाली, ‘अहो, आधी स्कूटर लावायला जागा मिळते का बघा.’ धोरण चांगलं आहे, पण डायमंड गार्डनपासून स्टेशनपर्यंत संध्याकाळी सहा वाजता मागे घर बांधून जाऊन दाखवा.)

पण भाऊ ऐकेना. त्याचं मन हायब्रिडकडे ओढत होतं. आधी त्याने अस्वलं पुढे केली. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिज नावाचा मुक्कामाचा तळ आहे. तिथे अस्वलांचा वावर फार, म्हणून तंबू आणि कापडी भिंतींच्या गाड्या यांना मज्जाव आहे. मला हा नियम विचार करण्यासारखा वाटला. कापडाची भिंत अस्वलाला चालत नाही, कारण ती भिंत आहे असं समजण्याची त्याच्यावर कुणी सक्ती केलेली नाही. तिला भिंत समजतो तो फक्त माणूस, आणि तोही त्याच्या मनात असेल तर. पण हायब्रिडचे बिछानेसुद्धा कापडातच, तेव्हा अस्वलाचा मुद्दा भावाने मुकाट्याने मागे घेतला.

मग पावसाचा मुद्दा निघाला. कापड ओलं असताना पेटी मिटली आणि घरी येऊन लगेच उघडून वाळवली नाही, तर बुरशी धरते. हे आईला मी समजावून सांगायला गेलो तर तीच मला समजावून सांगायला लागली. आई २००९ साली आळंदीहून पंढरपूरला पायी गेली होती. दिंडीचा ट्रक तंबू घेऊन पुढे जायचा, संध्याकाळी राहुट्या उभ्या, पहाटे पुन्हा मोडलेल्या, आणि वर आषाढातला पाऊस. एका राहुटीत तीस बायका. ‘ओली राहुटी मिटली ना, की दुसऱ्या दिवशी आत कुत्रं निजत नाही. आम्ही निजायचो,’ ती म्हणाली. वर, ‘तीस जणींत पाच घोरायच्या. पण सकाळी कुणी कुणाला घोरलीस म्हणत नव्हतं.’

आणि इथे मला आमची जुनी खोली आठवली. सुभाषनगरची हाउसिंग बोर्डाची इमारत, एक खोली नि स्वयंपाकघर. आई, अण्णा, आजी आणि आम्ही दोघे भाऊ. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी, आणि रात्री तिच्यावर आजीचं जुनं नऊवारी लुगडं. दोरीच्या अलीकडे आम्ही दोघे, पलीकडे आई-अण्णा. आजी स्वयंपाकघरात. ही आमची पॉप-अप. सकाळी साडेपाचला लुगड्याची घडी व्हायची आणि खोलीची पुन्हा बैठकीची खोली.

त्या पडद्याचं मला फार नवल वाटतं. सिमेंटची भिंत एकदा बांधली की काम संपलं. तिच्या दोन्ही बाजूंची माणसं कशीही असोत, ती आपली उभी. लुगड्याची भिंत मात्र दोन्ही बाजूंच्या माणसांना मिळून रोज रात्री उभी ठेवावी लागायची. अलीकडच्याने ऐकलेलं ऐकलं नाही असं करायचं आणि पलीकडच्याने, त्याने ऐकलं नाही असं धरून चालायचं. हा खोटेपणा की सभ्यपणा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बँकेत रुजू होताना आमच्याकडून गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही घेतली. ग्राहकाच्या खात्यातलं काही बाहेर बोलणार नाही, वगैरे. मी ती विनातक्रार केली. मला त्यात नवीन काही नव्हतं.

हा विचार मी घरात मांडला तेव्हा आमची ही म्हणाली, ‘पडद्याचं कौतुक तुम्हां पुरुषांना. त्या खोलीत साडी कुठे बदलायची ते सासूबाईंना विचारा.’ मी विचारलं नाही. उत्तर काय येईल याचा अंदाज होता, आणि पंचवीस वर्षं ते सुचलं नव्हतं याची लाजही होती. भावाची मुलगी चौदा वर्षांची आहे. हायब्रिडची पक्की भिंत त्याला तिच्यासाठीही हवी होती, आणि त्यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

आता आमची इमारत पुनर्विकासात गेली. नव्या घरात दोन बेडरूम आहेत आणि दारं इतकी जड की माझा मुलगा त्यातलं एक लावून घेतो तेव्हा कपाटातली भांडी वाजतात. आता कुणाला कुणाचं काही ऐकू येत नाही, आणि म्हणून की काय, सगळे मोठ्याने बोलतात.

तिसऱ्या की चौथ्या रात्री भावाने शेवटचा मुद्दा काढला. ‘जूनमध्ये आई येणार. आमचं दोघांचं काहीतरी चालू असतं दादा, पैशावरून म्हण, कशावरून म्हण. कापडातून सगळं ऐकू जातं.’

‘जात नाही रे. माणूस झोपलेला असतो.’

‘झोपलेला असतो?’

तो थोडा वेळ बोलला नाही. मला वाटलं लाइन गेली.

‘दादा, रात्री साडेअकरा वाजता कुणी साबणाने हात धुतं का?’

मी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

१९९८ सालची गोष्ट. त्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तो पेमेंट सीटवर. फ्री सीट थोड्या गुणांनी हुकली. लुगड्यापलीकडे अण्णा आकडे पुन्हा पुन्हा मोजत होते. मोजल्याने ते कमी होत नव्हते. मग आई म्हणाली, ‘पाटल्या आहेत ना.’ अण्णा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने ती उठून मोरीत गेली. पिंपातून तांब्याने पाणी घेतल्याचा आवाज आला. वीस-बावीस वर्षं हातात असलेल्या पाटल्या सहजी निघत नाहीत, साबण लावून ओढाव्या लागतात. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. शेजारी धाकटा संथ श्वास घेत होता, आणि मला वाटलं, बरं झालं, हा तरी झोपलाय.

सकाळी आई म्हणाली, ‘झिजल्या होत्या, दुरुस्तीला टाकल्यात.’ आजीसुद्धा ‘बरं केलंस’ म्हणाली, आणि आजीला स्वयंपाकघरात सगळ्यांत जास्त ऐकू यायचं.

‘तू जागा होतास?’ मी विचारलं.

‘तू होतास ना? तुझा श्वास ऐकू येत नव्हता. एरवी तू घोरतोस.’ मग म्हणाला, ‘आणि त्याच आठवड्यात तुला सी.ए.चा अभ्यास झेपेनासा झाला. बँकेचा फॉर्म आणलास.’

‘झेपत नव्हताच.’

‘बरं,’ भाऊ म्हणाला.

सत्तावीस वर्षं आम्ही दोघे एकमेकांना झोपलेले समजत होतो. पुढे काय बोलावं ते सुचेना, तेव्हा मी त्याला व्याजदर विचारला. त्याने सांगितला. जास्त होता; क्रेडिट युनियनमध्ये चौकशी कर, म्हटलं. दोघेही त्या विषयावर चांगले दहा मिनिटं बोललो.

फोन ठेवून मी पाणी प्यायला आत गेलो. आई ओट्यापाशी उभी राहून दुसऱ्या दिवशीचे पोहे चाळत होती. रात्री अकराला. माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘मी काही ऐकलं नाही हो.’

‘मी कुठे काय म्हटलं?’

‘नाही, सांगून ठेवलं.’

पुढच्या रविवारी भावाचा निरोप आला. पॉप-अप घेतली. वापरलेली, एका म्हाताऱ्या जोडप्याकडून, कर्ज न काढता. मुलीला आणि आजीला एका अंगाचा बिछाना, या दोघांना दुसऱ्या अंगाचा, आणि मुलीसाठी मध्ये आणखी एक जाड पडदा तो शिवून घेणार आहे. भांडणं मात्र गाडीपासून दूर जाऊन करायची असं नवरा-बायकोत ठरलं आहे. जंगलात जागा भरपूर असते.

आईला मी तसं सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, चाकं किती, छप्पर कसं वर जातं, स्टोव्ह कुठे, ते विचारलं. मग म्हणाली, ‘पाऊस आला तर ओली मिटू नकोस म्हणावं त्याला.’