मुरणे आणि जुने होणे

लोणचे मुरते, भाकरी शिळी होते आणि आंबा उतरतो. तिन्ही ठिकाणी काम काळाचेच, पण आपल्या भाषेने त्याला तीन वेगळे शब्द दिले आहेत. जुने झालेले सगळेच चांगले नसते, हे आपल्या आजीला ठाऊक होते. तरीही एखादी वस्तू वीस-तीस वर्षांची आहे असे कळले की आपला आवाज आपोआप खाली येतो, हात जपून पुढे होतो. हा आदर कशाचा? वस्तूचा, तिच्या वयाचा, की तिच्या किमतीचा? हा प्रश्न आमच्यापुढे एका लाकडी डब्याने उभा केला.

आमचे खालू जहाजावर होते. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यांतून अशी माणसे घराघरांत सापडतील. 1986 साली त्यांनी कुठल्याशा बंदरातून पंचवीस हवाना सिगारींचा एक डबा आणला. सिगार म्हणजे आपल्या जुन्या मराठीतला चिरूट. "मुलीच्या लग्नात उघडू, तोवर मुरेल," असे ते म्हणत. लग्न झाले, पण त्याआधीच डॉक्टरांनी त्यांना तंबाखू बंद करायला सांगितली होती. डबा कपाटात राहिला. खालू अल्लाला प्यारे झाल्यावर खालांनी तो आमच्या हाती दिला. म्हणाल्या, "तू शिकलेला आहेस, याचं काय करायचं ते तूच बघ."

आम्ही बी.एड. केले, पण त्यात हा धडा नव्हता. शेवटी दुबईहून आलेल्या आमच्या एका नातेवाइकाला डबा दाखवला. त्याला या गोष्टीची जाण आहे. त्याने घाई केली नाही. आधी डब्याच्या तळावरचा महिन्याचा आणि वर्षाचा शिक्का पाहिला. मग एक सिगार कानाजवळ धरून हलकेच दाबली. करकरली तर ती वाळली. वरचे पान उजेडात फिरवून पाहिले. नाकाशी धरली. न पेटवताच तोंडात धरून हवा ओढली. त्याने सांगितले की सिगारीत तीन थर असतात: आतली भरण, तिला बांधणारे पान आणि वरचे देखणे पान. बंद डब्यातही ती हळूहळू बदलत राहते. नव्या तंबाखूतला अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो, जिभेवरचा चटका मऊ होतो, वेगवेगळे स्वाद एकमेकांत मिसळतात. मात्र त्यासाठी हवेतली आर्द्रता 65 ते 70 टक्के आणि तापमान वीस अंशांच्या आसपास लागते. हवा कोरडी असली तर सुगंधी तेले उडून जातात, दमट असली तर बुरशी धरते, उष्णता वाढली तर तंबाखूतला किडा अंडी फोडून बाहेर येतो. आणि सगळे नीट सांभाळले तरी एक दिवस असा येतो की त्यानंतर स्वाद वाढत नाही, नुसता विरत जातो.

आमचा पावसाळा तर चपलांनाही बुरशी आणतो. खालूंच्या कपाटात भर म्हणून डांबराच्या गोळ्या होत्या, आणि तंबाखू शेजारचा वास पटकन ओढून घेते. सात-आठ सिगारी गेल्या होत्या. "बाकीच्या बऱ्या दिसतात," तो म्हणाला, "पण खरं पेटवल्यावरच कळेल. न पेटवताही घेणारा भेटेल. पैसे चांगले येतील."

हे आम्हा हापूसवाल्यांना लगेच समजले. अढीतला आंबा रंगाने, वासाने पास होतो आणि कापल्यावर आत साका निघतो. कापल्याशिवाय परीक्षा नाही, आणि कापलेला आंबा पुन्हा अढीत ठेवता येत नाही. सिगारीचे तर त्याहून विचित्र आहे. तिचा न्याय करणारा तिची राख करूनच न्याय देतो. तेवीस-चोवीस वर्षे सांभाळलेल्या वस्तूचे असो वा तीस-चाळीस वर्षे, शेवटी तासाभराचा धूर.

त्याच आठवड्यात वर्गात नववीतल्या एका मुलाच्या खिशात माव्याची पुडी सापडली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावरही बंदी घातली. तरी पुडी वर्गापर्यंत पोचतेच. आम्ही ती गटारात फेकली आणि नेहमीचे भाषण सुरू केले. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी हळूच म्हणाला, "सर, मोठे लोक सिगार ओढतात त्याला शौक म्हणतात. आमच्या पुडीला व्यसन का म्हणतात?"

आम्ही त्याला गप्प बसवले. पण घरी कपाटावर तो डबा होता, आणि आम्ही त्याच्यावर स्वच्छ कापड घातले होते.

प्रामाणिकपणे उत्तर शोधले तर काय सापडते? सिगारीचा धूर छातीत घेत नाहीत, असे शौकीन सांगतात. पण निकोटिन तोंडाच्या त्वचेतूनही रक्तात जाते, आणि तोंडाचा कर्करोग पुडी आणि पेटी असा भेद करत नाही. उरला फरक किमतीचा आणि फुरसतीचा. वाट पाहायला पैसा लागतो. आंबा घाट चढून कोल्हापूर ओलांडले की निपाणी लागते. तिथल्या वखारींत बायका तंबाखू चाळायच्या, कुटायच्या, निवडायच्या. त्यांच्या कष्टांवर आणि लढ्यावर युगांतर या महिलांच्या गटाने 1982 साली माहितीपट काढला. तंबाखूची पारख त्यांनाही होती; ती धुळीसकट छातीत उतरलेली होती. त्यांना कोणी जाणकार म्हटले नाही.

इतिहासातही हा वाद झालेला आहे. अकबराच्या अखेरच्या वर्षांत असद बेग विजापूरहून तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन दरबारात आला. हकिमांनी हरकत घेतली की आपल्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही. असद बेगचे म्हणणे असे की प्रत्येक रिवाज कधीतरी नवाच होता. बादशहाने चव घेतली, पण सवय लावून घेतली नाही. 1617 मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदीच घातली. पुढे उलेमांतही मतभेद राहिले. कोणी मकरूह म्हटले, कोणी हराम. त्या दरबारात विचारले गेले, नवे आहे म्हणून टाकायचे का? आज आमच्यापुढे उलटा प्रश्न होता: जुने आहे म्हणून घ्यायचे का?

आमच्या मते इथे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात. वस्तू कशी आहे, हा एक. ती हवी का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नाक, जीभ आणि सराव देतात. ती जाण खरी असते. आमच्या नातेवाइकाच्या विद्येला आम्ही कमी लेखणार नाही. पण पहिल्या उत्तराने दुसरा प्रश्न सुटत नाही. विष शुद्ध आहे हे ओळखणारा माणूस हुशार खरा, म्हणून ते विष औषध होत नाही. फसवणूक तिथे होते, जिथे आपण पहिल्याचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या दारात दाखवतो. क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोंना सिगारीची जाण कमी नव्हती; तरी 1980 च्या दशकात लोकांच्या आरोग्याच्या मोहिमेसाठी त्यांनी ती सोडली. त्यांना दोन्ही प्रश्न वेगळे दिसले असावेत.

आम्ही सिगारी विकल्या नाहीत. चुरून पाण्यात भिजवल्या आणि ते पाणी परसातल्या मिरच्यांवरच्या किडीला मारले. रिकामा डबा खालांना परत दिला. त्यांनी त्यात सुई-दोरा ठेवला आहे. झाकण उघडले की लाकडाचा वास अजून येतो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला बोलावून सांगितले, "तुझा प्रश्न बरोबर होता. दोन्ही व्यसनच." तो काही बोलला नाही. पुडी सुटली की नाही, आम्हाला ठाऊक नाही. सध्या आम्ही त्याचे खिसे तपासत नाही, त्याच्याशी बोलतो.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्या डब्याचे लाखभर रुपये येणार असते, तर मिरच्यांवर ते पाणी पडले असते का? या प्रश्नाचे उत्तर आमच्यात अजून मुरायचे आहे.