विचारायचे कोणाला?

जयसिंगपुरात पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतात. आठवी गल्ली, दहावी गल्ली, एवढे म्हटले की रिक्षावाल्याला पुरते. शिरोळ तालुक्यातल्या जुन्या गावांत वेस, देऊळ, ओढा, कोणाचा तरी वाडा अशा खुणा सांगत जावे लागते. ती गावे वाढत गेली. जयसिंगपूर मात्र आखले गेले. शंभराहून थोड्या अधिक वर्षांपूर्वी राजर्षी शाहू महाराजांनी मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला ही बाजारपेठ वसवली आणि तिला आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांचे नाव दिले. काटकोनात छेदणारे ते रस्ते आजही शहराला उपयोगी पडतात.

आखणी झाली तेव्हा रहिवाशांना कोणी विचारले नव्हते, कारण रहिवासीच नव्हते. राजा दूरदृष्टीचा होता आणि शहर चांगले झाले. मग प्रश्न उभा राहतो: आखणारा शहाणा आणि प्रामाणिक असेल तर लोकांना विचारण्याची गरज काय? हा प्रश्न नगररचनेपुरता नाही. माणसाला सत्य किती दिसू शकते, या जुन्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

त्याचे एक उत्तर याच परिसराच्या धर्मपरंपरेत आहे. जयसिंगपूरच्या आसपास दिगंबर जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे, जवळच नांदणीचा मठ आहे. जैन दर्शनाचा अनेकांतवाद सांगतो की कोणत्याही वस्तूला असंख्य अंगे असतात आणि एका ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाला त्यांतली काहीच दिसतात. अशा मर्यादित दृष्टीला त्या परंपरेत ‘नय’ म्हणतात. तीच दृष्टी स्वतःला पूर्ण समजून बाकीच्यांना नाकारू लागली की तिचा ‘दुर्नय’ होतो. अभियंत्याचा नकाशा हा एक नय आहे. रोज त्याच वाटेने डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येणाऱ्या बाईचे ज्ञान हाही एक नय आहे. गावाला विचारणे हे या अर्थाने ज्ञानाचे काम ठरते. शिष्टाचार म्हणून उरकायची गोष्ट ते राहत नाही.

मात्र अनेकांत गावकऱ्यालाही सूट देत नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठची अनेक कुटुंबे शेवटपर्यंत घरात थांबली. 2005 मध्ये पाणी कुठवर आले होते हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यापुढे ते येणार नाही असा त्यांचा हिशेब होता. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे. त्या वर्षी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. लोकांची आठवण खरी होती, पण अपुरी होती. पाणी आधी कोणत्या गल्लीत शिरते हे नदीकाठच्या माणसाला माहीत असते, वर धरणांतून किती विसर्ग होणार हे पाटबंधारे खात्याला. पूररेषा आखताना दोघे एकत्र बसले नाहीत, तर दोघांचेही ज्ञान वाया जाते.

गावाला विचारण्यावरची याहून अवघड हरकत नैतिक आहे, आणि ती शाहू महाराजांच्याच कारकिर्दीतून पुढे येते. 26 जुलै 1902 रोजी त्यांनी कोल्हापूर संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या. 1919 मध्ये सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. हे हुकूम गावोगावच्या चावडीवर मताला टाकले असते तर? बहुतेक ठिकाणी ते हाणून पाडले गेले असते. मार्च 1920 मध्ये माणगावला भरलेल्या बहिष्कृत वर्गाच्या परिषदेत महाराजांसोबत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बाबासाहेबांनीच ग्रामव्यवस्थेच्या गौरवावर कठोर टीका केली. गाव एकमुखाने बोलते तेव्हा ते तोंड कोणाचे असते, हे त्यांनी सोसून जाणले होते.

म्हणून ‘गावाला विचारा’ एवढे म्हणून भागत नाही. गावातल्या कोणाला, आणि कशाबद्दल, हेही सांगावे लागते. नळ कुठून न्यावा हे बहुमताने ठरू शकते. त्या नळावर कोणी पाणी भरावे, हा विषय मताला टाकायचाच नसतो.

शेजारच्या दानोळीने आणखी एक पेच दाखवला. इचलकरंजीला पंचगंगेचे दूषित पाणी प्यावे लागते म्हणून केंद्राच्या अमृत योजनेतून वारणा नदीचे पाणी दानोळीहून न्यायचे ठरले. 2018 मध्ये वारणाकाठची गावे विरोधात रस्त्यावर उतरली आणि काम अडले. पुढे दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेलाही तसाच विरोध झाला. काठावरच्या शेतकऱ्याला आपली विहीर आणि ऊस दिसतो, इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराला घरातला गढूळ हंडा. दोघेही खरे बोलतात. इथे एका गावाची संमती पुरी पडत नाही. ज्या ज्या घरावर निर्णयाचा परिणाम होणार, त्या सगळ्यांचे मिळून त्या निर्णयापुरते एक गाव होते. तसे त्यांना एकत्र बसवणे हे शासनाचे पहिले काम असायला हवे. प्रत्यक्षात जागा आधी ठरते आणि समजूत घालायला माणसे मागून जातात.

कायद्याने विचारण्याची सोय केली आहे, पण विषम. उदगाव, चिपरी, दानोळी अशा गावांत ग्रामसभा आहे. मतदार यादीत नाव असलेला कोणीही तिथे उठून बोलू शकतो, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गणपूर्तीला पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जो आकडा कमी तो लागतो. तेवढेही जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग चार माणसांत विषय वाचले जातात, सूचक-अनुमोदकांची नावे लिहिली जातात, वही सह्यांसाठी फिरते. तिकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने वेगळी रीत पाळली: निर्णय सर्वसहमतीने, आणि एकाचाही विरोध असेल तर पुन्हा चर्चा. त्यासाठी गावाने अभ्यासगट चालवले आणि बाहेरचे जाणकार बोलावले. जाणकारांनी माहिती द्यायची, ठरवायचे गावाने. 2009 मध्ये तिथल्या जंगलावरचा सामूहिक हक्क गावाला मिळाला, त्यामागे ही अनेक वर्षांची सवय होती.

जयसिंगपूर नगरपरिषदेचे शहर आहे, म्हणून इथल्या रहिवाशाला ग्रामसभा नाही. राज्यघटनेने प्रभाग समित्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्या असलेल्या शहरांना बंधनकारक केल्या आहेत. जयसिंगपूर त्याहून कितीतरी लहान. उरतो तो 1966 च्या नगररचना कायद्यातला मार्ग: प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि मुदतीत लेखी हरकती व सूचना मागवल्या जातात. सातबारा आणि नकाशा वाचता येणारा, वकील गाठू शकणारा माणूस हरकत घेतो. आपल्या जागेवर आरक्षण पडले तर धावपळ करतो. भाड्याने राहणारा, झाडूकाम करणारी, पहाटे बाजारात हमाली करणारा यांच्यापर्यंत तो नकाशा पोचतच नाही. निर्णय मात्र त्यांच्याही दारात येतो.

तेव्हा शहराच्या पुढच्या आराखड्याची सुरुवात गल्लीवार बैठकांनी व्हावी, नकाशा काढण्याच्या आधी. पहिली बैठक आखलेले रस्ते जिथे संपतात त्या वस्तीत घ्यावी, तिथल्या बायकांना सवड असेल त्या वेळी. अभियंत्याने समोर बसून लिहून घ्यावे. जे मान्य करता येणार नाही त्याचे कारण त्याच वस्तीत परत येऊन, तोंडी आणि मराठीत सांगावे.