रीत आणि रीतभात

गणिताच्या पेपरात उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल तर गुण मिळतात, हे आपल्याकडच्या मुलांना पाचवी-सहावीतच कळते. त्यामुळे कन्सल्टिंग कंपन्यांच्या मुलाखतीचे वर्णन मी पहिल्यांदा ऐकले, तेव्हा ती फार ओळखीची वाटली. तिथे म्हणे नेमके उत्तर गौण. पाहतात ती रीत. पुढे काही वर्षे विद्यार्थ्यांच्या सराव मुलाखती पाहिल्या आणि माझे मत बदलले. रीतीच्या नावाखाली तिथे पुष्कळदा रीतभातच तपासली जाते.

मॅकिन्झी, बीसीजी, बेन यांच्यासारख्या कंपन्यांची मुलाखत साधारण अर्ध्या-पाऊण तासाची. अशा दोन-तीन फेऱ्या, शेवटची बहुधा पार्टनरसमोर. आधी 'तुमच्याविषयी सांगा', मग 'केस': एका सिमेंट कंपनीचा नफा दोन वर्षे घसरतोय, का? उमेदवार कागदावर झाडासारख्या फांद्या काढतो. उत्पन्न, खर्च, मग त्यांचे पोटभाग. एक फांदी दुसरीत मिसळता कामा नये आणि काही सुटताही कामा नये. १९६३ साली मॅकिन्झीत रुजू झालेल्या बार्बरा मिंटो यांच्या नावाशी हा दंडक जोडला जातो. आणि हे सगळे मोठ्याने बोलत करायचे. मनातल्या मनात केलेला हिशेब झालाच नाही असे धरतात. डोके चालते आहे हे समोरच्याला ऐकू यावे लागते.

अशीच एक सराव मुलाखत माझ्यासमोर चालली होती. प्रश्न विचारणारा आमचाच माजी विद्यार्थी, या धंद्यात चार वर्षे मुरलेला. समोरचा मुलगा बार्शीकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमातला. प्रश्न होता: मुंबईत सलून किती असतील? शिकागोत पियानो जुळवणारे किती, असे एन्रिको फर्मी विद्यार्थ्यांना विचारत, त्याच जातकुळीतला. याला मुले 'गेस्टिमेट' म्हणतात.

मुलगा वीस-पंचवीस सेकंद गप्प. मग म्हणाला, "सर, सोमवारची सुट्टी धरायची ना?"

"ते नंतर. आधी स्ट्रक्चर सांग."

मुलगा गडबडला, पण सावरला. लोकसंख्या सव्वा कोटी, पुरुष अंदाजे साठ लाख. महिन्याला प्रत्येकी एकदा केस कापणे. एका खुर्चीवर दिवसाला १० गिऱ्हाइके, सोमवार वगळून महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २६० डोकी. साठ लाखांना २६० ने भागले की २३ हजार खुर्च्या. दुकानात तीन खुर्च्या धरल्या तर साडेसात-पावणेआठ हजार सलून.

शेरा मिळाला: आकडे ठीक, कॉन्फिडन्स कमी, क्लायंटसमोर बसवता येणार नाही.

बाहेर पडताना तो मला म्हणाला, "श्रावणात गिऱ्हाईक निम्म्यावर येतं सर. मामाचं सलून आहे, सुट्टीत मी गल्ल्यावर बसायचो." थोडे थांबून म्हणाला, "हे तिथं सांगितलेलं चालतं का?"

हा प्रश्न मला अजून सोडत नाही. धंद्याची नस ज्याला घरातून ठाऊक, त्यालाच ती लपवावीशी वाटते आणि नफ्याच्या फांद्या पाठ केलेला मुलगा मात्र छाती पुढे काढून बोलतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिवेरा यांनी २०१२ साली कन्सल्टिंग, वकिली आणि गुंतवणूक बँकांमधल्या नोकरभरतीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी तिथे निवड करणाऱ्या १२० जणांशी चर्चा केली होती. उमेदवाराची हुशारी जोखताना त्याचे छंद, बोलण्याची ढब, आपल्याशी जुळणारी आवडनिवड यांचे वजन मोठे असते, असे त्यांना दिसले. या क्षेत्रात 'विमानतळाची कसोटी' म्हणतात: विमान रखडले तर या माणसाबरोबर चार तास काढवतील का? आपल्या भाषेत, पंगतीला शेजारी बसवावासा वाटतो का. पंगतीत कोण कुणाशेजारी बसते याचा इतिहास आपल्याला वेगळा सांगायला नको.

केस मुलाखतीची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. नुसत्या गप्पांवर माणूस निवडण्यापेक्षा ठरावीक प्रश्नांची मुलाखत किंवा प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे अधिक भरवशाचे, असे फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ साली ८५ वर्षांच्या संशोधनाचा ताळा मांडून दाखवले. केस हा कामाचा नमुनाच आहे. पण नमुना आधी घोटून घेता आला की तो कामाचा राहत नाही, तालमीचा होतो. आयआयटीत १ डिसेंबरला प्लेसमेंट सुरू होते. त्याआधी कित्येक आठवडे वसतिगृहात जोड्या लावून केस सोडवणे चालते. सीनियरांनी जमवलेली केसबुके हातोहात फिरतात. यादीत नाव आले की कंपनी एखादा 'बडी' देते, तो तयारी करून घेतो. ज्या कॉलेजात कंपनी येतच नाही, तिथल्या मुलाला ही तालीम कोण देणार? शंभर केस घोटलेला आणि पाच केस पाहिलेला एकाच टेबलाशी बसतात, आणि निकालाला 'विचारशक्ती' असे नाव मिळते.

नकाराचा फोन बहुधा त्याच संध्याकाळी येतो. कारण मोघम असते. एकविसाव्या वर्षी मुलाला त्यातून एकच अर्थ कळतो: मला विचार करता येत नाही. खरे तर त्याला फक्त त्या घरची रीतभात ठाऊक नव्हती. ती तीन महिन्यांत शिकता येते. सोमवार आणि श्रावण लक्षात येण्याची नजर तीन महिन्यांत येत नाही.

टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांत आता मराठी मंडळीही पुष्कळ आहेत. त्यांतल्या कित्येकांनी पहिली मुलाखत घामेजल्या तळव्यांनी, मनात वाक्य जुळवत दिली असेल. त्यांना एवढेच सांगणे आहे: समोरचा गप्प झाला तर अर्धा मिनिट थांबा. आणि त्याने सोमवारचे विचारले, तर आधी त्याला सोमवारचे बोलू द्या.