पाऊस स्तंभांत, पातळी रेषेत

वर्षभराच्या पावसाचा आलेख काढला आणि जवळपास प्रत्येक महिन्याच्या 7 तारखेला एकेक स्तंभ उभा राहिला, तर तारखा उलट्या वाचल्या गेल्या आहेत हे नक्की. ग्वाल्हेरच्या मुरार भागातल्या एका विद्यार्थिनीने पायथनमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये हेच घडले होते. तिच्या फाइलीत 03-07 म्हणजे 3 जुलै. तक्ते हाताळणाऱ्या पांडास या पायथन लायब्ररीच्या जुन्या आवृत्तीने अमेरिकी रीतीने ते 7 मार्च वाचले. तेरावा महिना नसल्यामुळे 13 जुलैपासूनच्या तारखा बरोबर लागल्या. जुलैचे पहिले बारा दिवस मात्र जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत विखुरले, आणि त्यांतला फक्त 7 जुलै जागेवर राहिला. एररचा एकही शब्द पडद्यावर आला नाही. चूक पकडली ती तिच्या आजोबांनी. या भागात मार्च म्हणजे मोहरी कापून घरात आणण्याचे दिवस. एवढा पाऊस तेव्हा पडला असता तर तो गावभर आठवणीत राहिला असता.

2023 मध्ये आलेली पांडासची 2.0 आवृत्ती पहिली तारीख पाहून रीत ठरवते आणि पुढची तारीख त्या रीतीत बसली नाही की काम थांबवते. अडून बसणारी स्क्रिप्ट मला गुपचूप चुकणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते. तरीही आधी दिवस, मग महिना, हे आपणच स्पष्ट लिहून द्यावे.

तारखा सुधारल्या की स्तंभ सुयांसारखे बारीक दिसू लागतात. कारण साधे आहे: तारखांच्या अक्षावर आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब लायब्ररी स्तंभाची रुंदी दिवसांत मोजते आणि आपण काही सांगितले नाही तर 0.8 दिवस धरते. महिन्याच्या बेरजेला ती रुंदी फार अपुरी पडते, आणि तासातासाच्या नोंदी असतील तर स्तंभ एकमेकांवर चढतात. हे एका आकड्याने सुटते.

याहून अवघड प्रश्न दिवस कुठे संपतो हा आहे. हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी 8:30 ला मोजते आणि त्याच दिवसाच्या नावावर लिहिते. म्हणजे 14 जुलैच्या संध्याकाळी मुरार भिजले, तर तो पाऊस 15 जुलैच्या खात्यात जमा होतो. दुसरीकडे, तासातासाच्या नोंदी जागतिक वेळेत साठवल्या असतील तर 15 तारखेच्या पहाटे दोनचा पाऊस 14 तारखेला जाऊन बसतो, कारण आपले घड्याळ साडेपाच तास पुढे असते. दोन्ही फाइली शेजारी ठेवल्या की स्तंभ एका दिवसाने सरकलेले दिसतात आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत राहतो. खरे तर कोड ठीक असतो, दोघांचा ‘दिवस’ वेगळा असतो.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती रिकाम्या रकान्याची. एखाद्या ऑगस्टमध्ये पर्जन्यमापक नादुरुस्त होता, महिनाभर नोंदच झाली नाही, असे समजा. पांडासला महिन्याची बेरीज करायला सांगितली तर ते त्या कोऱ्या रकान्यांची बेरीज शून्य देते. भर पावसाळ्यातला महिना आलेखात कोरडा ठणठणीत दिसतो, आणि पाहणारा दुष्काळाची चर्चा सुरू करतो. किमान एक तरी नोंद असेल तरच बेरीज कर, असे सांगण्याची सोय तिथे आहे; ती जरूर वापरावी. आणि नोंद नसलेला महिना अक्षावरून गाळू नये. त्याची जागा रिकामी दिसली पाहिजे, कारण काळ त्या महिन्यातूनही गेलेला असतो.

एवढे सगळे निस्तरल्यावर त्या मुलीने पावसाशेजारी तिघरा धरणाची पातळीही स्तंभांत काढली. ग्वाल्हेरची तहान भागवणारे हे धरण सांक नदीवर 1916 मध्ये बांधले गेले. विश्वेश्वरय्यांनी 1903 मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला बसवले तसे स्वयंचलित दरवाजे पुढे इथेही आले. तिघऱ्याची पातळी फुटांत सांगतात, भरल्यावर ती 740 असते. 725 आणि 739 फुटांचे स्तंभ शून्यापासून काढले तर दोन्ही सारखेच दिसतात, आणि त्या चौदा फुटांतच तर शहराला रोज पाणी की एक दिवसाआड, याचा निर्णय दडलेला असतो. अक्ष 720 पासून सुरू केला तर एक स्तंभ दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट दिसतो, तेही खोटे. इथे स्क्रिप्टचा दोष नाही. पाऊस एका मुदतीत साठत जातो, म्हणून त्याला स्तंभ शोभतो. पातळी त्या त्या क्षणी असते. तिला रेष हवी, आणि रेषेला शून्यापासून निघण्याचे बंधन नाही.

आलेखांचा आद्य प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या विल्यम प्लेफेअरने 1786 च्या आपल्या ग्रंथात व्यापाराची वर्षानुवर्षांची चढउतार रेषांनीच दाखवली. स्कॉटलंडचे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, म्हणून तिथे त्याने आडवे स्तंभ काढले, आणि त्यात काळ येत नाही म्हणून ते चित्र त्याला कमी उपयोगाचे वाटले. स्तंभालेख वापरात आला तो काळाची मालिका हाती नव्हती म्हणून, हे मला फार बोलके वाटते.

शाळेत, शेतावर, गच्चीवर पाऊस मोजणाऱ्या सर्वांना एक विनंती आहे. वहीच्या पहिल्या पानावर मोजण्याची वेळ लिहा, तारखेत महिना अक्षरांत लिहा, आणि ज्या दिवशी मोजायचे राहिले त्या दिवशी शून्य लिहू नका. रकाना कोरा ठेवा.