फूल पडण्याआधी

बसा. खांदे सैल सोडा.

श्वास येतो, श्वास जातो. त्याला येऊ द्या, जाऊ द्या.

आपण ग्वाल्हेरात आहोत. लष्कर भागातला महाराज बाडा, तिथलंच गोरखी. शिंद्यांच्या या जुन्या देवघरात मन्सूरशाह बाबांचं स्थान आहे. बाबा बीडचे सूफी संत. १७६१ मध्ये पानिपतावरून जखमी होऊन परतलेल्या महादजी शिंद्यांची त्यांच्यावर गाढ श्रद्धा.

उरुसाला शिंदे घराण्यातला प्रमुख या स्थानासमोर बसतो आणि फूल पडण्याची वाट पाहतो. फूल पडलं, की आशीर्वाद मिळाला.

त्या फुलाकडे पाहा.

अजून ते पडलेलं नाही.

पाकळीची कड पाहा. देठाशी उरलेला ओलावा पाहा. घाई नाही.

कोकणातल्या देवळातही असंच थांबतात. गुरव गाऱ्हाणं घालतो. देवाला लावलेल्या कळ्यांकडे सगळ्यांचे डोळे लागतात. उजवा कौल, की डावा?

थांबा. एक श्वास घ्या.

आता दूर जाऊ. वायव्य ग्रीसमधल्या डोंगरांत दोदोना आहे. तिथं ओकचा पवित्र वृक्ष आहे, झ्यूस आणि दिओनी या देवता आहेत. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं इथं येतात, शिशाच्या पातळ पट्टीवर आपला प्रश्न कोरतात आणि पट्टी दुमडतात. असे चार हजारांहून अधिक लेख २०१३ मध्ये एकत्र छापले गेले.

एक पट्टी तळहातावर घ्या. थंड आहे. इवल्या आकाराच्या मानानं जड आहे.

हळूच उलगडा.

अगिस नावाचा माणूस विचारतो आहे, आपली पांघरुणं आणि उशा हरवल्या, की बाहेरच्या कुणी चोरल्या?

दुसरी उलगडा. लिसानियास विचारतो आहे, अन्निलाच्या पोटातलं मूल माझं आहे का?

इथं थांबा. त्याच्या शेजारी बसा. त्याला काही सांगू नका.

उशी. मूल. देवासमोर दोन्ही प्रश्न सारख्याच शिशावर.

श्वास येतो, श्वास जातो.

पुन्हा फुलाकडे या. ते अजून तिथंच आहे. तेवढ्या वेळात आत कान द्या. तुमचा प्रश्न कोणता?

पहिला येईल, त्याला येऊ द्या. घर विकावं का?

आणखी थोडं थांबा. त्याच्या तळाशी दुसरा असेल. आई गेल्यावर ते घर माझं उरलं आहे का?

त्याला हाकलू नका. त्याच्यापाशी राहा.

लिसानियासनं स्वतःचं नाव लिहिलं, अन्निलाचंही लिहिलं. तुम्हीही आज एक कागद घ्या. एकच वाक्य लिहा. आपलं नाव घाला. ज्याच्याविषयी विचारायचं, त्याचंही घाला. आडपडदा नको. उत्तर देवाकडे मागायचं, की त्या माणसाकडेच, हे वाक्य पुरं झाल्यावर ठरवा.